लाल दोऱ्याच्या काकड्या

१२ एप्रिल, शनिवार

सकाळच्या बसने ही गेली. थोरल्या मेहुणीबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता उठवाबसवायला घरचं माणूस हवं. पंधरा दिवसांत येते म्हणाली. मी म्हणालो, महिना राहा. अशा वेळी मन मोठं ठेवावं लागतं.

निघण्याआधी हिने मला मागच्या बागेत उभं करून बरंच काही सांगितलं. पाणी कधी घालायचं, काय तोडायचं, काय तोडायचं नाही, लाल दोरा, वगैरे. मी त्या वेळी कुलपाची किल्ली शोधत होतो (माझ्याच मुठीत होती), तरी मुख्य मुद्दा लक्षात आहे. मुख्य मुद्दा असा की बागेवर लक्ष ठेवायचं.

संकल्प: रोज लिहिणार. बाग सिस्टीमने चालवणार. ही बाग मनाने चालवते, आणि मनाने काही चालत नसतं. स्वयंपाक स्वतः, वेलीवरून थेट ताटात. खानावळीची पायरी चढणार नाही.

घर नेहमीपेक्षा मोठं वाटलं. हिने जाताना आवरून ठेवल्यामुळे असेल. बाकी काही वाटलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

उठल्या उठल्या स्टॉक घेतला. बत्तीस वर्षं कंपनीचं गोडाउन सांभाळलं, एक खिळा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. (ढकलगाड्या हरवल्या तेव्हा मी रजेवर होतो.) त्यापुढे ही बाग म्हणजे पोरखेळ.

मोडक्या खाटेच्या पट्ट्यांचा मांडव, त्यावर पांढरी काकडी. भिंतीवर घेवडा. न्हाणीघराच्या छपरावर दुधीचा वेल. फुटक्या टबात पालक. कुंपणाशी भेंडी आणि टोमॅटो. मिरची एक, तीही रुसलेली.

मग लाल दोरे दिसले. पाच काकड्यांच्या देठांना, घेवड्याच्या काही शेंगांना आणि एका दुधीला हिने शिवणाच्या डब्यातला लाल दोरा बांधून ठेवलाय. छान, घट्ट गाठ.

पाहताक्षणी उलगडा झाला. आमच्या गोडाउनात मी स्वतः पद्धत पाडली होती: ज्या खोक्याला लाल दोरा, तो माल उत्तम, तयार, सगळ्यात आधी रवाना. हमालालाही समजायचं. घरी येऊन जेवताना मी हे हिला कितीतरी वेळा सांगितलंय. ही ताटात बघून वाढत असायची. वाटायचं, ऐकत नाही.

ऐकत होती.

जरा वेळ मांडवाखाली उभा राहिलो. डोळ्यांत चिलट गेलं.

१५ एप्रिल, मंगळवार

पालक केला. टबातला सगळा कापला. पातेल्यात मावेना, दाबून बसवला. ढीग बघून बेताने मीठ घातलं. झाकण काढून बघतो तो तळाशी चमचाभर हिरवं काहीतरी. पालक कुठे गेला कळलं नाही. मीठ मात्र जागच्या जागी होतं.

ब्रेडला लावून खाल्लं. वर तांब्याभर पाणी प्यायलो. उन्हाळ्यात पाणी पोटात गेलंच पाहिजे, त्या दृष्टीने भाजी उत्तम.

शेजारीणबाईंनी भिंतीवरून डोकं काढून विचारलं, काय जळतंय हो? म्हटलं, जळत नाही, शिजतंय. त्या म्हणाल्या, शिजल्याचा वास आमच्या उशीपर्यंत येत नाही कधी. बाईंची जीभ म्हणजे किसणी. मनाने चांगल्या आहेत. हिची आणि त्यांची रोज भिंतीवर तासभर बैठक असते. इतकं काय बोलतात, देव जाणे.

पातेलं भिजत घातलंय.

१७ एप्रिल, गुरुवार. दुपार

बागेला पाणी घातलं. माणसाला तहान दुपारी लागते, झाडालाही दुपारीच लागणार. शेजारीणबाईंचं मत वेगळं. म्हणाल्या, अहो, भर उन्हात घालताय, मुळांचा चहा करताय का? सकाळी घाला, नाहीतर ऊन उतरल्यावर. मी त्यांना तहानेचा सिद्धांत समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, बरं.

पानं सगळी खाली मान घालून बसली आहेत. विश्रांती घेत असावीत.

एक गोष्ट नमूद करण्यासारखी: त्यांच्या कुंपणावरच्या वेलीलाही लाल दोरे दिसले. आपली पद्धत पसरतेय.

१८ एप्रिल, शुक्रवार

तोडणीचं धोरण ठरलं. गोडाउनचा पहिला नियम, आधी आलेला माल आधी बाहेर. दोऱ्याच्या काकड्या सगळ्यात आधी धरल्या होत्या, म्हणजे रांगेत त्या पुढे. त्या निघाल्याशिवाय मागच्यांनी नंबर लावायचा नाही. आज कोवळ्या काकड्या आणि भेंड्या हाताशी होत्या. मोह झाला. आवरला. एकदा शिस्त मोडली की संपलं.

शेजारीणबाई म्हणाल्या, भेंडी रोज काढा, दोन दिवसांत तिची काठी होते. मी म्हणालो, रांगेत आहे. त्या म्हणाल्या, कोण? मी म्हणालो, भेंडी. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप आलाय. मग म्हणाल्या, जेवलात का?

जेवलो म्हणालो. (ब्रेड.)

२० एप्रिल, रविवार

हिचा फोन. मेहुणीबाईंचं दुखणं कमी आहे, पण अन्नावरून मन उडालंय. ताटाकडे बघतसुद्धा नाहीत. एकच घोकतात, आईच्या परसातली पांढरी काकडी. तो वेल हिच्या माहेरचा. दोघी बहिणी लग्न होऊन निघाल्या तेव्हा आईने दोघींच्या पदराला बी बांधून दिलं होतं. मेहुणीबाईंचं कधीच उंदरांनी खाल्लं. म्हणजे आता मूळ वाण फक्त आपल्या मांडवावर, असा मी अर्थ काढला.

ही म्हणाली, ताईला म्हटलंय, तू उठून बस, मी बी आणून देते, तुझ्या खिडकीत लावू. घरात बी शिल्लक नाही, होतं नव्हतं ते सगळं यंदा पेरलं. म्हणून म्हणते, त्या दोऱ्याच्यांचं तेवढं...

तेवढ्यात दूध उतू गेलं. मी धावलो. परत आलो तर ही थांबली होती. म्हणाली, लक्षात आहे ना? मी म्हणालो, सगळं डोक्यात आहे.

बी घरात नाही हे काही पटलं नाही. हिच्या डब्यांत काय नसतं? असेल मोहरीच्या मागे.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, पंधरा दिवसांत जमेलसं वाटत नाही. मी म्हणालो, हरकत नाही.

शेगडी पुसली. हरकत खरंच नाही.

२३ एप्रिल, बुधवार

विशेष काही नाही. पंख्याचा आवाज येतो. पूर्वीही येत असणार.

चहा दोन कप झाला. काल पण झाला होता. दुसरा गार झाल्यावर पिऊन टाकला. वाया घालवायचा नाही.

२६ एप्रिल, शनिवार

नाक्यावरच्या सार्वजनिक बागेत बाकावर माझा जुना दोस्त पोस्टमास्तर भेटला. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी लोकांच्या चेहऱ्यावर शिक्का मारल्यासारखा बघतो. म्हणाला, लेका, गळ्याची हाडं दिसायला लागली तुझी. वहिनी नाहीत तर तू महिनाभरात खानावळीत गल्ल्याशेजारी बसशील, लिहून ठेव.

मी म्हणालो, माझ्या बागेत माल तयार होतोय. पुढच्या रविवारी जेवायला ये. तो म्हणाला, येतो, पण घरून खाऊन येतो.

माल खरंच जोरात आहे. दोऱ्याच्या काकड्या मनगटाएवढ्या झाल्या. पूर्वी पांढऱ्या होत्या, आता भारदस्त पिवळा रंग आलाय. साल कडक, हात लावला की विश्वास वाटतो. घेवड्याच्या शेंगा वाळून कुरकुरीत. हलवल्या की आत दाणे वाजतात, हजर आहे म्हणतात. दुधीवर टिचकी मारली तर दारावर मारल्यासारखा आवाज आला.

रांगेतल्या मागच्या मंडळींची अवस्था जरा वेगळी. भेंडीची काठी झाली हे कबूल. टोमॅटो फुटले, कोवळ्या काकड्या सुकून गळल्या. पण त्याला पर्याय नव्हता.

२८ एप्रिल, सोमवार. रात्री आठ

फोन. ही रविवारी येतेय! दुपारपर्यंत पोचेल, रात्र राहून सोमवारी सकाळच्या बसने परत. थोडे कपडे न्यायचेत, आणि म्हणाली, दोऱ्याच्या तोवर पिकतील, त्याही...

मी पुढचं बोलूच दिलं नाही. म्हणालो, त्यांची काळजी तू करूच नकोस. रविवारी आल्यावर काय ते बघ. ही म्हणाली, अहो, पण... मी म्हणालो, काही बोलू नकोस, बघ फक्त. ही हसली. बऱ्याच दिवसांनी ऐकलं ते हसणं. काय समजली देव जाणे, पण हसली.

म्हणजे हिलाही दोऱ्याच्याच खायच्यात. आणि मी बोललो नाही, पण मनात एक हिशेब आहे. हिने जेवण चाखलं, घर पाहिलं, म्हणजे हिची खात्री पटेल की इथे काही बिघडलेलं नाही. आणि खात्री पटली की...

पटली की काय, ते नीट लिहिता आलं नाही. खात्री पटली तर ही तिकडे निश्चिंत राहील. नाही पटली तर लवकर येईल. हा मुद्दा आधी ध्यानात आला नव्हता.

तरी जेवण उत्तमच झालं पाहिजे. माणसाने मुद्दाम वाईट काम करू नये.

१ मे, गुरुवार

रविवारचं टाइमटेबल लिहून फ्रिजवर चिकटवलं. शेजारीणबाईंनाही आमंत्रण दिलं. साक्षीला चार माणसं असलेली बरी. त्या म्हणाल्या, मी काही करून आणू का? मी म्हणालो, हात हलवत या. त्या म्हणाल्या, दात तरी घेऊन येऊ ना?

३ मे, शनिवार. संध्याकाळ

तोडणी. शेजारीणबाई लेकीकडे गेल्या होत्या, त्यामुळे सल्ल्याविना काम सुरळीत झालं. पाच काकड्या, पसाभर वाळक्या शेंगा, एक दुधी. सगळे दोरे सोडवून गुंडाळले आणि शिवणाच्या डब्यात परत ठेवले. सुटता सुटेनात, हिची गाठ म्हणजे गाठ. एकदोन कात्रीनेच कापले. हिला काटकसर आवडते. दोरे बघून खूश होईल.

शेंगा सोलल्या. दाणे टपोरे, तांबूस, त्यांवर काळे ठिपके, जणू प्रत्येकाला वेगळा रंगवलाय. भिजत घातले.

मांडव जरा ओका दिसतो. असायचाच. माल रवाना झाला की गोडाउनही असंच दिसायचं. तेव्हा मात्र बरं वाटायचं.

४ मे, रविवार

घटनाक्रम जसाच्या तसा लिहून ठेवतो.

दुधी सुरीने कापला नाही. मोठ्या सुरीनेही नाही. शेवटी करवत आणली. आत कापूस आणि बिया. कापूस काढून टाकला, उरलं ते कुकरला लावलं. शिट्ट्या मोजायच्या सोडून दिल्या. कुकर थकला, दुधी नाही.

काकड्या. आतल्या बिया मोठ्या आणि चिवट, दातांत अडकल्या असत्या. चमच्याने खरवडून काढल्या आणि गाळासकट मोरीत ओतून वर दोन बादल्या पाणी सोडलं. स्वच्छता महत्त्वाची. गर शिजवला. चव अशी की तोंड आपोआप मिटतं.

घेवड्याचे दाणे मात्र! कांदा, टोमॅटो, त्या रुसलेल्या मिरचीचा एक तुकडा. मीठ या वेळी शिजल्यावर घातलं, पालकाने शिकवलं होतं. लोण्यासारखे मऊ. माझं मलाच खरं वाटेना.

ही आली. दारातच माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, शर्ट उलटा आहे. उलटाच होता.

जेवायला बसलो. पोस्टमास्तरने दुधीचा घास घेतला, बराच वेळ चावला, मग म्हणाला, हे पार्सल परत पाठवायचं का? काकडी त्याने ताटाच्या कडेला सारली. पण दाण्यांवर तुटून पडला. दुसऱ्यांदा घेतले, तिसऱ्यांदा घेतले. म्हणाला, वहिनी, हा लेका छुपा रुस्तम निघाला. मी हिच्याकडे पाहिलं.

ही ताटात बघत होती. चमच्यात एक दाणा होता, ठिपक्यांचा. विचारलं, हे कुठले? मी म्हणालो, दोऱ्याचे. पहिल्या नंबरचा माल. काकड्या पण त्याच, दुधी पण तोच. एकही मागे ठेवला नाही.

हिने शेजारीणबाईंकडे पाहिलं. शेजारीणबाईंनी हिच्याकडे. बायकांचं असं असतं.

मग हिने तो दाणा तोंडात टाकला. सावकाश चावला. सगळे संपवले, काकडीसुद्धा. म्हणाली, मीठ बरोबर झालंय.

जेवणानंतर ही मांडवाखाली जाऊन उभी राहिली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. पाठमोरी होती. खांदे हलत होते. पुढून पाहिलं नाही.

संध्याकाळी भांडी घासताना हिने सांगितलं. आवाज न चढवता, भांड्यांकडे बघत. दोरा बांधला होता तो बी धरायला. जे तोडायचं नाही त्याला दोरा. आई बांधायची, आजी बांधायची. ताईला द्यायचं होतं ते बी तेच.

मी म्हणालो, गोडाउनात... ही म्हणाली, माहीत आहे हो मला. आणि ताट पुसून माझ्या हातात दिलं.

माझी बाजू अशी की सूचना लेखी नव्हती. आणि लाल दोऱ्याचा अर्थ एवढ्या मोठ्या कंपनीत सगळ्यांना मान्य होता. चूक असलीच तर ती तांत्रिक आहे.

मोरीची जाळी काढून हात घातला. काही नव्हतं. दोन बादल्या पाणी सोडलं होतं मी. मी काम अर्धवट करत नाही.

५ मे, सोमवार

ही पहाटेच उठून वेल चाळत होती. अगदी भिंतीशी, पानांखाली एक काकडी सापडली. बोटाएवढी, कोवळी, रांगेत शेवटची. पिकायला महिना तरी लागेल म्हणाली.

मला म्हणाली, दोरे आणा. मी डब्यातून गुंडाळी आणून दिली. हिने एक दोरा काकडीच्या देठाला बांधला. मग माझा हात धरला आणि दुसरा दोरा माझ्या बोटाला बांधला. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला. मी म्हणालो, हे काय लहान मुलासारखं? ही म्हणाली, सुरी हातात घेतलीत की दिसेल.

हात जरा वेळ धरलाच होता. गाठ घट्ट बसायला वेळ लागतो.

निघताना शेजारीणबाईंनी भिंतीवरून हिच्या हाती एक जड पिशवी दिली. काय आहे विचारलं तर म्हणाल्या, बायकांचं सामान. मी बसपर्यंत उचलून नेली.

बस गेल्यावर घरी आलो. फ्रिजवरचं टाइमटेबल काढलं.

६ मे, मंगळवार

नवीन संकल्प. मेहुणीबाई त्या एका काकडीवर आहेत, म्हणजे माझ्यावर आहेत. पाणी दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. सकाळी घाला म्हणाल्या होत्या शेजारीणबाई. सकाळीही घालतोच. ऊन लागू नये म्हणून जुनी छत्री मांडवाला बांधली. उंदीर लागू नये म्हणून काकडीला माझा लोकरीचा पायमोजा चढवला. दोरा बाहेरून दिसतो. पायमोजा धुतलेला आहे.

खुर्ची मांडवाखाली आणून ठेवली. या वेळी चूक नाही.

९ मे, शुक्रवार

शेजारीणबाईंनी पायमोजा पाहिला. म्हणाल्या, दुसऱ्या पायात काय घालणार? मग म्हणाल्या, एवढा जीव टांगू नका हो तिच्यावर. मी म्हणालो, जीव नाही, ड्यूटी आहे. त्या काही बोलायला निघाल्या होत्या. बोलल्या नाहीत. वाटीभर भाजी ठेवून गेल्या.

भाजी चांगली होती. तसं सांगितलं नाही, सवय लागते त्यांना.

१३ मे, मंगळवार

फोन. मेहुणीबाई खाटेवर बसायला लागल्या. चार घास खातात. मी म्हणालो, काकडी झकास आहे. ही म्हणाली, आणि तुम्ही? मी म्हणालो, वाढतेय.

नंतर लक्षात आलं की तिने माझ्याबद्दल विचारलं होतं.

१६ मे, शुक्रवार

पाणी चार वेळा. खत म्हणून चहाचा चोथाही घालतो. दुसरा कप त्यासाठीच होतो असं आता म्हणायला हरकत नाही. वेलीची खालची पानं पिवळी पडली. पिकायची सुरुवात असावी.

पोस्टमास्तर बघायला आला. खुर्ची, छत्री, पायमोजा, सगळ्यांभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, घरी जेवायला येतोस का? बायकोने सांगितलंय. मी म्हणालो, ड्यूटीवर आहे.

१८ मे, रविवार

सकाळी पायमोजा ओला लागला. काढला. आत काकडी नव्हती, काकडीचं पाणी होतं. देठाला दोरा होता. वेल मुळाशी काळा पडून मऊ झालाय, ओढला तर अख्खा हातात आला.

दिवसभर हिला काय सांगायचं ते जुळवत होतो. तीन प्रकारे जुळवलं. पहिल्यात उंदीर होता. दुसऱ्यात रोग. तिसरा प्रकार दोन शब्दांचा होता.

संध्याकाळी फोन केला. तिसरा सांगितला. म्हणालो, काकडी गेली.

ही म्हणाली, अहो, जाऊ दे. शेजारच्या वेलीवर सहा आहेत. बी दोन वर्षांपूर्वीच दिलं होतं त्यांना. दोरेही मी इकडे यायच्या आधीच बांधून आले होते. त्या दिवशी पिशवीतून पिकलेल्या दोन आणल्या आणि एक कोवळी. ताईने कोवळीच्या फोडी त्याच दिवशी खाल्ल्या, तेव्हापासून ताटाकडे बघायला लागली. बी खिडकीत वाळत घातलंय. घेवड्याचंही आहे त्यांच्याकडे.

म्हणजे ती पिशवी मीच उचलून नेली होती.

मी विचारलं, मग आपल्या मांडवावर कशाला बांधले होते?

ही म्हणाली, तुम्हाला लक्ष ठेवायला काहीतरी हवं ना.

मागे मेहुणीबाई हसल्याचा आवाज आला. म्हणजे तब्येत सुधारतेय. चांगली गोष्ट आहे. त्या रविवारी मांडवाखाली तुझे खांदे का हलत होते, ते विचारायचं होतं. विचारलं नाही. कधी येणार, तेही राहिलं.

भेंड्या काढून टाकल्या. खरंच काठ्या झाल्यात. खुर्ची घरात आणली. छत्री मिटली. पायमोजा धुवायला टाकला, दुसरा सापडत नाही.

बोटाचा दोरा आता मळलाय. काढायला बसलो. गोडाउनच्या नियमाने दोरा असेल तो माल आधी रवाना. हिच्या नियमाने तो ठेवायचा. गाठ सुटली नाही. कात्री शिवणाच्या डब्यात आहे, माहीत आहे. राहू दिला.

चहा आज एकच कप केला. पुरला नाही.